चाळीस मिनिटांनंतर : कीटकनाशकामुळे येणारी आकडी आणि मेंदूचे संरक्षण (प्रकल्प नोंदी)

१० जून २०२४

प्रकल्पाची वही आजपासून सुरू करत आहे. मार्गदर्शक मॅडमशी सकाळी झालेल्या चर्चेत विषय पक्का झाला. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेत लांबलेली आकडी उशिरा दिलेल्या औषधांनी थांबवता येते का, आणि ती थांबली तरी मेंदूतील चेतापेशी वाचतात का, हे उंदरांमध्ये पाहायचे आहे. या वाक्यातील ‘उशिरा’ हा शब्द मी हट्टाने घालून घेतला.

त्यामागचे कारण येथे लिहून ठेवते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या काळात मी पदवीच्या वर्गात होते, आणि आमच्या गावातून दोघांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना पाहिले होते. दुपारी फवारताना घाम आणि चक्कर सुरू झाली, संध्याकाळी घरी आंघोळ झाली, रात्री उलट्या वाढल्या आणि मग गाडीची शोधाशोध झाली. विष अंगात गेल्यापासून पहिली सुई टोचेपर्यंत किती तास गेले, याचा हिशोब तेव्हा कोणी केला नाही. पुढे औषधशास्त्राचे शोधनिबंध वाचू लागले तेव्हा लक्षात आले की कितीतरी प्रयोगांत उंदराला विषापाठोपाठ एक-दोन मिनिटांत, काही वेळा तर विषाच्या आधीच, औषध दिलेले असते. ते प्रयोग चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही, कारण त्यांचा हेतू बहुधा सैनिकाच्या खिशातील इंजेक्शनचा असतो. पण शेतमजुराच्या खिशात इंजेक्शन नसते.

१४ जून २०२४

वाचनाचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पुढे संदर्भाला लागेल म्हणून विषाची क्रिया माझ्या शब्दांत मांडून ठेवते.

ऑर्गॅनोफॉस्फेट रेणू अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराच्या क्रियाशील जागी जाऊन घट्ट बसतो, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन थांबते आणि ते चेतासंधींमध्ये साचत जाते. शरीरात त्याचे परिणाम म्हणजे लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, फुफ्फुसांत भरणारा स्राव, स्नायूंचे फडफडणे आणि शेवटी श्वसनाचा स्नायू थकून पडणे. मृत्यू बहुतेक वेळा श्वास बंद पडून होतो. मेंदूत मात्र आणखी एक घटनाक्रम सुरू होतो. अ‍ॅसिटिलकोलीनचे मस्कारिनिक ग्राही, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश घेणारे रेणू, अति उत्तेजित झाले की आकडी पेटते, आणि एकदा ती पेटली की तिला चालू राहण्यासाठी अ‍ॅसिटिलकोलीनची गरज उरत नाही, कारण ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारे रसायन ती पुढे चालवू लागते.

मॅकडोनो आणि शिह यांनी १९९७ मध्ये या क्रमाचे तीन टप्पे मांडले. पहिली साधारण पाच मिनिटे कोलिनर्जिक, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनवर चालणाऱ्या, टप्प्याची असतात आणि तेव्हा मेंदूत शिरून अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारे अ‍ॅट्रोपिनसारखे औषध आकडी थांबवू शकते. पाच ते चाळीस मिनिटांचा काळ संक्रमणाचा असतो. चाळीस मिनिटांनंतर आकडी मुख्यतः ग्लुटामेटवर चालते, तेव्हा अ‍ॅट्रोपिनचा तिच्यावर फारसा प्रभाव पडत नाही आणि चेतापेशी मरण्यास सुरुवात झालेली असते. ही मांडणी मुळात सोमानसारख्या युद्धात वापरायच्या विषारी द्रव्यांवरील प्रयोगांतून आली असली, तरी तिने माझ्या प्रश्नाला एक घड्याळ दिले आणि वहीचे नावही त्यातूनच आले.

२ जुलै २०२४

आजचा दिवस एकाच प्रश्नावर गेला : डायझेपाम आणि मिडाझोलाम ही बेन्झोडायझेपिन औषधे उशिरा दिली तर निकामी का होतात?

याचे समाधानकारक उत्तर २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांकडून आले. क्लॉड वास्टरलेन यांच्या गटाने आणि जयदीप कपूर यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवले की अखंड आकडीत चेतासंधीवरचे गॅबा-ए ग्राही, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या गॅबा या रसायनाचे ग्राही, पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. बेन्झोडायझेपिन स्वतः मेंदूला शांत करत नाही, तर गॅबाचे काम त्याच ग्राहींवर वाढवते; ग्राहीच दाराबाहेर उरले नाहीत तर औषधाने कोणत्या दारावर थाप मारायची? त्याच वेळी ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही पृष्ठभागावर वाढत जातात. म्हणजे ब्रेक सैल होत असताना एक्सलरेटर दाबला जातो. त्यामुळे मात्रा वाढवून प्रश्न सुटत नाही, श्वसन मात्र दबते.

याच विचारातून पुढची औषधे सुचली. न्यूरोस्टेरॉइड, म्हणजे मेंदूच्या कामावर परिणाम करणारे स्टेरॉइड, चेतासंधीबाहेरच्या, डेल्टा उपघटक असलेल्या गॅबा-ए ग्राहींवरही काम करतात; या ग्राहींवर बेन्झोडायझेपिनचा परिणाम होत नाही आणि आकडी लांबली तरी ते टिकून राहतात. टेक्सासमध्ये सांबा रेड्डी यांनी या दिशेने बरेच काम केले आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे मायकल रोगावस्की आणि पामेला लाइन यांच्या गटांनी, आकडी सुरू होऊन बराच वेळ गेल्यावर, मिडाझोलामच्या जोडीला अ‍ॅलोप्रेग्ननोलोन हे न्यूरोस्टेरॉइड आणि ग्लुटामेटचे ग्राही अडवणारे पेराम्पॅनेल देऊन पाहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘काउंटरअ‍ॅक्ट’ या रासायनिक विषबाधेवरील उपचारांच्या कार्यक्रमाच्या आधाराने अशा कामांना बळ मिळाले.

हे सगळे वाचताना मला आनंद होत होता आणि एक शंकाही सतत छळत होती. तालुक्याच्या रुग्णालयात अ‍ॅलोप्रेग्ननोलोन कधी येणार? तेथे जे आजच कपाटात असते, त्याच औषधांतून काही साधते का हे आधी पाहावे असे मला तीव्रतेने वाटते. नायक्वेट आणि वास्टरलेन यांच्या गटाने २०१६ च्या सुमारास कोलिनर्जिक अखंड आकडीत मिडाझोलाम आणि केटामाइन एकत्र दिले, तेव्हा आकडी थांबण्याबरोबरच पुढच्या शिकण्या-आठवण्यातील बिघाडही कमी झाला. केटामाइन एनएमडीए ग्राही अडवते, आणि भूल देण्यासाठी ते आपल्याकडे लहान शस्त्रक्रियागृहांतही असते. मॅडमना संध्याकाळी हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, “मग तेच लिही. स्वस्त औषधावरचा प्रयोग कमी दर्जाचा असतो असे कोणी सांगितले?”

१५ जुलै २०२४

परवानगी घेऊन एका जिल्हास्तरीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात गेल्या हंगामातील केसपेपर पाहायला गेले होते. रुग्णाची ओळख उघड होईल असे काहीही टिपले नाही.

अपेक्षा अशी होती की विषबाधा ते आकडी आणि आकडी ते औषध या अंतरांची काही तरी कल्पना येईल. ती आली नाही, कारण आकडी केव्हा सुरू झाली हे बहुतेक कागदांवर लिहिलेलेच नव्हते. ‘झटके आले, इंजेक्शन दिले’ एवढीच ओळ असते आणि पुढे अ‍ॅट्रोपिनच्या मात्रांचा तक्ता असतो. रात्रपाळीला एक डॉक्टर आणि दोन परिचारिका वीस खाटा सांभाळत असतील, तर घड्याळ पाहून कोण लिहिणार हे मला समजते. तरीही या एका न लिहिलेल्या आकड्याची हळहळ परतीच्या बसमध्ये जात नव्हती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. कीटकनाशकाच्या विषबाधेत मोठ्या माणसांमध्ये आकडी तुलनेने कमी दिसते; लहान मुलांमध्ये आणि युद्धातील विषारी द्रव्यांच्या बाधेत ती जास्त दिसते. म्हणून आमचा प्रयोग सगळ्या रुग्णांचा प्रश्न सोडवणारा नाही. दुसरे असे की स्नायू लुळे पडलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे हातपाय हलत नाहीत, आणि तेव्हा मेंदूत आकडी चालू आहे की नाही हे ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीशिवाय, कळू शकत नाही. जे ‘कमी दिसते’ ते किती ‘कमी असते’, यात अंतर असू शकते.

संध्याकाळी बारामतीच्या अभ्यासाचा निबंध पुन्हा वाचला. गिरिराज रुग्णालयात कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेली ही चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. प्रॅलिडॉक्झिम या, विकराला विषापासून सोडवणाऱ्या ऑक्झिम गटातील औषधाची सतत चालणारी मोठी मात्रा आणि दर चार तासांनी दिलेली मात्रा यांची तुलना त्यांनी केली. सतत मात्रा मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १ टक्का, तर दुसऱ्या गटात ८ टक्के होते. नंतर मायकल एडलस्टन यांच्या गटाने श्रीलंकेत केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रॅलिडॉक्झिमचा फायदा दिसला नाही. दोन्हींमधील फरकाचा एक भाग रुग्ण किती लवकर पोहोचला आणि विष कोणते होते यात असावा. विकराशी चिकटलेला रेणू काही काळाने असा पक्का होतो की ऑक्झिमने तो सुटत नाही. डायमिथाइल प्रकारच्या विषांत याचा अर्धायुकाल सुमारे ३.७ तास, तर डायइथाइल प्रकारात सुमारे ३३ तास आहे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पहिल्या प्रकारातले आहे. तिथेही पुन्हा घड्याळच.

आमच्या विषयाशी याचा संबंध असा की प्रॅलिडॉक्झिमच्या रेणूवर विद्युतभार असल्यामुळे ते मेंदूत फारच थोडे शिरते. बारामतीसारख्या ठिकाणी ज्यांचा श्वास वाचला, त्यांच्या मेंदूसाठी वेगळे काही तरी लागणार.

२९ जुलै २०२४

विषाची निवड केली. अमेरिकेतील बहुतेक गट डायआयसोप्रोपिलफ्लुओरोफॉस्फेट, म्हणजे डीएफपी, वापरतात. पण ते शेतात वापरले जाणारे कीटकनाशक नाही. आम्ही पॅराऑक्सॉन घेत आहोत. पॅराथिऑन शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे पॅराऑक्सॉन होते, म्हणजे हा कीटकनाशकाचाच क्रियाशील अवतार आहे, आणि थेट तोच दिल्यामुळे यकृतातील रूपांतराचा वेग प्रत्येक उंदरात वेगळा असण्याची अडचण टळते.

व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात रॉबर्ट डीलॉरेन्झो आणि लक्ष्मीकांत देशपांडे यांनी याच विषावर केलेले काम आमच्या आराखड्याचा एक आधार आहे. आकडी थांबल्यानंतरही हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या चेतापेशींच्या आत कॅल्शियमची पातळी दीर्घकाळ चढलेली राहते, असे त्यांना आढळले. त्या पठारावर पेशी हळूहळू मरतात आणि वाचलेल्या पेशींच्या जोडण्या बिघडतात. म्हणजे आकडी थांबणे आणि मेंदू वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत. एमरी विद्यापीठात रे डिंगलडाइन यांच्या गटाने प्रोस्टाग्लँडिनचा ईपी२ ग्राही अडवून, तर आयोवात थिप्पेस्वामी यांच्या गटाने नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर अडवून आकडीनंतरचा दाह कमी करून पाहिला, तेही याच जाणिवेतून.

एका बाबतीत मला तडजोड करावी लागली. विष दिल्याबरोबर अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम दिले नाही तर उंदीर श्वास बंद पडून मरेल आणि मेंदूचा अभ्यासच होणार नाही. म्हणून ही दोन औषधे लगेच द्यायची आणि आकडीवरची औषधे मात्र उशिरा, साठाव्या मिनिटाला. मजुराच्या बाबतीत असे घडत नाही, त्याला पहिले अ‍ॅट्रोपिनही उशिरा मिळते. हा फरक निबंधात पहिल्याच पानावर मान्य करायचा. पिरिडोस्टिग्मिन आधी देण्याची सैन्यातील पद्धत मात्र आम्ही वगळली आहे. उद्या फवारणीत विषबाधा होणार म्हणून आज गोळी घेणारा कोणी नसतो.

गट असे ठरले : फक्त मिडाझोलाम, मिडाझोलाम आणि केटामाइन, औषधाऐवजी सलाईन, आणि विष न दिलेले उंदीर.

१२ ऑगस्ट २०२४

संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज दिला. पूर्वीची सीपीसीएसईए आणि आताची सीसीएसईए ही प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली काम करते आणि अर्जाचा नमुना तिनेच ठरवलेला आहे. त्यातील सर्वांत अवघड रकाना ‘हा प्रयोग प्राण्यांशिवाय का होऊ शकत नाही’ हा होता, आणि तो अवघड असावा हेच बरे.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे, ही आमच्या वर्गात परीक्षेपुरती शिकवली गेली होती. या आठवड्यात ती पहिल्यांदा खरोखर वापरली. मेंदूचे काप काचेच्या ताटलीत जिवंत ठेवून ग्राही आत ओढले जाण्याचा अभ्यास होऊ शकतो आणि झालेलाही आहे. पण साठ मिनिटांची आकडी, श्वसन, तापमान आणि दोन औषधांचा एकत्रित परिणाम काचेच्या ताटलीत कळत नाही. एवढे लिहिताना तीन मसुदे झाले. आम्ही ज्या प्राण्याला मुद्दाम आकडी आणणार आहोत, त्याच्या बाजूने कोणी तरी प्रश्न विचारलेच पाहिजेत.

५ सप्टेंबर २०२४

समितीची बैठक झाली. बाहेरच्या पशुवैद्यक सदस्यांनी विचारलेले प्रश्न नेमके होते, आणि त्यांच्यामुळे आराखडा सुधारला, हे मनापासून नोंदवते.

त्यांचा पहिला प्रश्न होता की सलाईन गटातील उंदराची आकडी किती वेळ चालू द्यायची. आमच्या मसुद्यात ती आपोआप थांबेपर्यंत असे लिहिले होते. समितीने ठराविक वेळेला सर्व गटांना बचावाचे औषध देण्याची अट घातली आणि ती आम्ही मान्य केली. यामुळे तुलनेचे उत्तर थोडे बोथट होईल, पण अमर्याद आकडीने मिळणाऱ्या अधिकच्या माहितीची किंमत फार मोठी आहे. दुसरा प्रश्न होता, फक्त नर का? प्रामाणिक उत्तर ‘सगळे तसेच करतात’ असे होते. विदर्भात शेतात राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे आता दोन्ही लिंगांचे उंदीर घेतले आहेत आणि माद्यांच्या चक्राची नोंद ठेवायची आहे. तिसरी अट वजनाची : प्रयोगानंतर कोणत्याही उंदराचे वजन मूळ वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक घटले, तर त्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, त्याची माहिती गेली तरी चालेल.

२३ सप्टेंबर २०२४

ईईजीसाठी कवटीत बारीक स्क्रू बसवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. आज दोन झाल्या. नंतर आठवडाभर विश्रांती आणि वेदनाशामक.

नुसत्या निरीक्षणावर का भागत नाही, हे एका सहकाऱ्याने विचारले म्हणून येथे लिहिते. १९७२ पासून वापरात असलेली रेसिनची श्रेणी आकडीची तीव्रता बाह्य हालचालींवरून ठरवते. पण या विषात स्नायूंचे फडफडणे आणि थरथर यांचा उगम अनेकदा चेता आणि स्नायू यांच्या जोडणीवर असतो, मेंदूत नसतो. म्हणजे हालचाल आहे आणि आकडी नाही असे होऊ शकते. उलट मिडाझोलामनंतर उंदीर शांत पडतो आणि मेंदूतली आकडी चालूच असते. अपलँड, मारिया ब्रागा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये डायझेपामच्या मर्यादा दाखवल्या, त्यात डायझेपामनंतर आकडी पुन्हा परतते आणि पेशींचे नुकसान टळत नाही, हाच मुद्दा होता. डोळ्यांना दिसणारी शांतता हा या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे.

७ ऑक्टोबर २०२४

प्राथमिक चाचणीचा पहिला दिवस.

सुरक्षिततेची तयारी सकाळी साडेसातपासून सुरू होती. पॅराऑक्सॉन त्वचेतून आत शिरते, म्हणून सर्व काम धूरपेटीत, दुहेरी हातमोज्यांसह. प्रत्येक वापरलेली सुई आणि टिपलेला थेंब क्षारीय ब्लीचच्या द्रावणात. आणि अ‍ॅट्रोपिनची भरलेली सिरिंज आमच्या स्वतःसाठी भिंतीवरच्या पेटीत. आम्हा चौघांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची मूळ पातळी गेल्या आठवड्यात मोजून घेतली आहे. कागदाचा मुखवटा आणि उघडे हात घेऊन हेच रसायन-कुटुंब पंपातून उडवणाऱ्यांची आठवण आज काम करताना सतत होत होती.

विष दिल्यावर काही मिनिटांतच लाळ आणि फडफड दिसली, त्यानंतर ईईजीवरचा पाया जाड होत गेला आणि मग उंच, तालबद्ध लहरी एकसारख्या सुरू झाल्या. त्या क्षणी खोलीतले सगळे गप्प झाले. साठाव्या मिनिटाला औषध दिले. औषध कोणते हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते; कुप्यांवर फक्त सांकेतिक अक्षरे होती. उंदीर बाहेरून शांत दिसू लागल्यानंतरही पडद्यावरील लहरी काही काळ चालू होत्या. वाचलेली गोष्ट डोळ्यांनी पाहणे वेगळेच असते.

रात्री साडेनऊपर्यंत दर अर्ध्या तासाने त्वचेखाली सलाईन आणि मऊ भिजवलेले खाद्य. प्राणीगृहातील दादांनी स्वतःहून थांबून मदत केली.

८ ऑक्टोबर २०२४

रात्री दोनच्या सुमारास त्याच उंदरात लहान आकड्या परतलेल्या नोंदीत दिसतात. व्हिडिओवर तो झोपलेला वाटतो.

२१ ऑक्टोबर २०२४

आज एक गंभीर उणीव सापडली आणि ती वेळीच सापडली याचे समाधान आहे.

चाचणीच्या आधीच्या फेऱ्यांत आम्ही तापमान फक्त सुरुवातीला आणि शेवटी घेत होतो. आज सतत मोजणारा ताप-संवेदक लावला, तेव्हा दिसले की विष दिल्यानंतर उंदराचे शरीर झपाट्याने थंड होते. ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे उंदराचे तापमान घसरते हे विषशास्त्रात जुने ज्ञान आहे; मी ते वाचलेही होते, पण त्याचा अर्थ आमच्या प्रयोगाला लावला नव्हता. थंड मेंदूत आकडी मंदावते आणि पेशी कमी मरतात. मिडाझोलाम आणि केटामाइन दोन्ही औषधे उंदराला आणखी थंड करू शकतात. म्हणजे दोन औषधांच्या गटात पेशी जास्त वाचलेल्या दिसल्या तर श्रेय औषधाचे की थंडीचे, हे आम्हाला सांगताच आले नसते. लहान उंदराचे शरीर लवकर थंड होते, मोठ्या माणसाचे तसे होत नाही. वऱ्हाडातल्या उन्हात फवारणाऱ्या मजुराचे तर नाहीच. असा निष्कर्ष उंदराकडून माणसाकडे नेला असता तर तो तेथे पोहोचताच कोसळला असता.

उपाय असा ठरला की प्रत्येक पिंजऱ्याखाली नियंत्रित उष्णतेची चादर घालून सर्व गटांचे तापमान सारख्या मर्यादेत राखायचे. समितीला सुधारणेचे पत्र पाठवले. आतापर्यंतच्या चाचणीतील उंदीर मुख्य विश्लेषणात धरायचे नाहीत; मॅडम यावर क्षणभरही अडखळल्या नाहीत. जे उंदीर या चुकीपायी गेले, त्यांची संख्या निबंधात लिहिली जाईल.

२८ ऑक्टोबर २०२४

दिवाळीच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आणि प्रयोग पूर्ण बंद. संस्थेच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे आणि फटाक्यांच्या आवाजाने उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. अशा भयभीत प्राण्याचा ईईजी कोणत्याही गटात घेणे योग्य नाही. खाद्य, पाणी आणि गादी बदलण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या. लक्ष्मीपूजनाची पाळी माझी.

१८ नोव्हेंबर २०२४

सुधारित मांडणीने मुख्य प्रयोग चालू आहेत. तापमान आता सारखे राहते.

आज संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याशी दोन तास बसले. त्यांनी दाखवलेला सापळा मला आधी सुचला नव्हता. समजा, एखाद्या औषधामुळे अधिक उंदीर जगले. जे एरवी मेले असते, त्यांचाच मेंदू सर्वाधिक भाजलेला असणार. ते जगल्यामुळे त्या गटाच्या मेंदूनुकसानीची सरासरी वाढते आणि जीव वाचवणारे औषध मेंदू बिघडवणारे वाटू लागते. उलट सलाईन गटात केवळ सौम्य बाधा झालेले उंदीर शिल्लक राहिले, तर तो गट नको तितका चांगला दिसतो. म्हणून मृत्यू आणि पेशींचे नुकसान यांचे एकत्र विश्लेषण आधीच लिहून ठेवायचे ठरले, आणि ते आजच्या तारखेने सहीसकट बंद केले. निकाल पाहून पद्धत निवडण्याचा मोह माणसाला होतोच.

औषधांच्या कुप्यांची सांकेतिक यादी बंद पाकिटात औषधनिर्माण विभागातील एका शिक्षिकेकडे आहे. आमच्यापैकी कोणालाही ती ठाऊक नाही.

९ डिसेंबर २०२४

पहिल्या तुकडीच्या मेंदूंचे पातळ काप तयार झाले. मरणाऱ्या चेतापेशी हिरव्या चमकणाऱ्या फ्लुओरो-जेड या रंगाने पाहायच्या आहेत, आणि दाहासाठी सूक्ष्मग्लिया आणि तारापेशी या चेतापेशींच्या सोबतीच्या पेशी वेगळ्या रंगांनी. तपासायचे भाग ठरलेले आहेत : हिप्पोकॅम्पस, पायरिफॉर्म बाह्यक, अ‍ॅमिग्डाला आणि थॅलॅमस.

रंगाची पद्धत बसवताना केटामाइनबद्दलची एक जुनी नोंद मॅडमनी पुढे ठेवली. १९८९ मध्ये जॉन ओल्नी यांनी दाखवले होते की एनएमडीए ग्राही अडवणारी औषधे उंदराच्या बाह्यकाच्या मागील भागात पेशींमध्ये पोकळ्या निर्माण करू शकतात; बेन्झोडायझेपिन सोबत असेल तर हा परिणाम कमी होतो. आमच्या औषधजोडीत मिडाझोलाम आहेच, तरी विष न देता केवळ केटामाइन दिलेला एक छोटा गट जोडल्याशिवाय त्या भागातील कोणतीही हिरवी पेशी विषाच्या किंवा औषधाच्या नावावर लिहिता येणार नाही. त्यासाठी समितीकडे पुन्हा जावे लागेल आणि काम जानेवारीत सरकेल. मी आज दुपारीच पत्र लिहायला घेतले.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला काप पाहिला. हिप्पोकॅम्पसच्या वळणावर हिरव्या ठिपक्यांची एक रांग होती, मध्येच तुटलेली. तो कोणत्या गटातील उंदीर आहे हे मला माहीत नाही आणि सध्या माहीत करून घ्यायचेही नाही. कापाच्या कडेला पेन्सिलने फक्त ‘११’ असे लिहिले, मोजणीच्या तक्त्यात पहिली ओळ भरली आणि दुसरा काप चढवला.